लॅपटॉपचा आकार चार रुपये सदतीस पैसे

लॅपटॉपला सातबारा नसतो, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

कुणी सांगावं अशी माझी पायरीही नव्हती. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. गाव किनवटच्याही पलीकडे. तिथून पवनानगरला पोचायला एक रेल्वे, दोन एसट्या, एक वडापची जीप आणि भरपूर धीर लागतो. धरणाच्या काठावर पाहुण्यांसाठी तंबू लावतात, तसल्या एका कॅम्पवर मी कामाला आहे. गेटवर येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवायचे, तंबू ठोकायचे, आणि कुणी 'नेटवर्क कुठे येतं' असं विचारलं की आंब्याखालच्या दगडाकडे बोट दाखवायचं. (त्या दगडावरही येत नाही. पण तिथून धरण चांगलं दिसतं, त्यामुळे माणूस भांडत नाही.)

राहतो मी जवळच्या गावात (तिथं नेटवर्क येतं), आबांच्या घरी, मागच्या खोलीत. सात वर्षांपूर्वी ती खोली महिनाभरासाठी म्हणून घेतली होती. दुसऱ्या दिवशी आबांच्या बायकोनं, म्हणजे मावशींनी, 'जेवलास का' असं विचारलं आणि मी चुकून खरं उत्तर दिलं. तेव्हापासून माझं ताट त्या घरात आहे. या उपकाराची मला इतकी भीती वाटते की त्या घरात मी चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरतो. एक दिवस आपल्या हातून इथलं काहीतरी मोठं मोडणार आणि ही भली माणसं आपल्याला परत किनवटच्या गाडीत बसवणार, हे माझ्या मनानं कधीच ठरवून टाकलेलं आहे. प्रश्न फक्त काय मोडणार एवढाच होता.

तर ते सोनालीचा लॅपटॉप निघालं.

सोनाली म्हणजे आबांची नात. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. भाताच्या पानाचा फोटो दाखवला की त्या पानाला कुठला रोग झालाय ते ओळखणारा प्रोग्राम तिनं तयार केला होता. पण प्रोग्रामला आधी शिकवावं लागतं, त्यासाठी हजारो पानं दाखवावी लागतात, आणि हजारो पानांचे फोटो काढायला असा माणूस लागतो ज्याला कंबरेएवढ्या चिखलात उभं राहून 'कशासाठी?' असं विचारायची सवय नाही. तो मी. सबंध पावसाळा आबांच्या खाचरांत वाकून मी चार हजार पानांचे फोटो काढले. मी आयुष्यात पूर्ण केलेलं ते पहिलं काम. शाळा तर पूर्ण केलीच नव्हती.

सोमवारी सकाळी अकरा वाजता तिची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक एकच दिवस येणार. त्या दिवशी प्रोग्राम चालवून दाखवला नाही, तर वर्ष वाया आणि हातात आलेली नोकरीही. गुरुवारी ती घरी आली ती अंगभर कांजिण्या घेऊन. आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉपनंही अंथरूण धरलं. बटण दाबलं की पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. आबांनी त्याला अर्धा तास दिला आणि मग म्हणाले, "ह्यो नांगरत न्हाई, नुस्ता फिरतोय."

शुक्रवारी मी तो लोणावळ्याला एका दुकानात नेला. दुकानदारानं दोन मिनिटांत निदान केलं: सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. 'सगळं' म्हणजे माझी चार हजार पानंही. ती दुसरीकडे कुठे ठेवलेली नव्हती. (सोनाली नंतर म्हणाली, ही चूक इंजिनिअरच करू शकतो.) मी लॅपटॉप छातीशी धरून परत आलो.

पण सोनालीकडे उपाय होता. तिच्या पेनड्राइव्हवर एक दुसरी, फुकट मिळणारी सिस्टिम होती. लॅपटॉपच्या डिस्कवर शेवटाला थोडी मोकळी जागा तिनं मुद्दाम ठेवलेली होती. त्या जागेत नवी सिस्टिम बसवायची, जुन्या भागाला हात लावायचा नाही, मग नव्या सिस्टिममधून जुन्या भागातली पानं उघडायची. परीक्षा व्हिडिओवरून घ्यायचं कॉलेजच्या सरांनी कबूल केलं होतं. सगळं सोपं होतं. अडचण एवढीच की हे तिला स्वतःला करता येत नव्हतं. तिच्या पापण्यांवरही फोड आलेले, डोळे सुजून पार मिटलेले. शिवाय दाराला मावशींनी कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. त्या डहाळ्याच्या आत मावशींशिवाय कुणालाही, आणि मावशींच्या मते गरम होणाऱ्या कुठल्याही वस्तूला, प्रवेश नव्हता. मला कांजिण्या झालेल्या नव्हत्या, त्यामुळे मला तर उंबऱ्याशी उभं राहायलाही बंदी. तिच्या पुण्याच्या मैत्रिणी परीक्षेच्या आठवड्यात कांजिण्यांच्या गावाला फिरकायला तयार नव्हत्या.

म्हणून शनिवारी सकाळी अशी मांडणी झाली: आत खाटेवर डोळे मिटलेली सोनाली. मध्ये गजांची खिडकी. खिडकीच्या आत पहाऱ्याला मावशी. बाहेर ओसरीवर मी, मांडीवर लॅपटॉप. आणि शेजारी, मला मानसिक आधार द्यायला, आबा.

सोनाली सांगणार, मी करणार. मी तिला आधीच कबूल केलं होतं की मला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, गाड्यांच्या नंबरपाट्यांमुळे, पण शब्द वाचता येत नाहीत. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि पडद्यावर भाषांची एक लांबलचक यादी आली. ती मी खाली सरकवत गेलो. जगात एवढ्या भाषा आहेत हे बघून मला उगाचच दडपण आलं. आणि मग एकाएकी, खाली कुठेतरी, आपली अक्षरं दिसली.

"सोनाली, यात मराठी आहे."

आतून ती म्हणाली, "खरंच? मी कधी तेवढं खाली बघितलंच नाही. घे की मग मराठी."

मी मराठी घेतली. आणि काय सांगू, अख्खं यंत्र मराठीत बोलायला लागलं. 'स्वागत आहे' म्हणालं. मी सात वर्षं कॅम्पच्या गेटवर पाहुण्यांना स्वागत आहे म्हणतोय. मला कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी नकळत लॅपटॉपला मान तुकवली. आबांनीही टोपी सारखी केली.

दोन-तीन पानं झाली आणि डिस्कचा नकाशा आला. एक लांब आडवी पट्टी: डावीकडे निळा तुकडा, उजवीकडे पांढरा. वर लिहिलेलं: 'विभाजन'. आबा पुढे सरकले. त्या फिरत्या गोलाला दिलेला अर्धा तास सोडला, तर आजपर्यंत लॅपटॉप या प्रकाराकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण वाटणीचा नकाशा आणि आबा म्हणजे, बस्स. पंचक्रोशीत कुणाची वाटणी असली तर आबांना बोलावतात. चष्मा न लावता ते सातबारा वाचतात, तोही उलटा धरलेला, टेबलाच्या पलीकडच्या माणसाच्या हातातला.

"हे निळं कुणाचं?"

मी सांगितलं, सोनालीचं जुनं. यात पानं आहेत.

"आन् पांढरं?"

पांढरं मोकळं. यात नवीन सिस्टिम येणार.

"मंग मधी बांध कुटंय?" आबांनी विचारलं. मी निळ्या आणि पांढऱ्याच्या मधली काळी रेघ दाखवली. आबांनी ती बोटाच्या पेराने मोजली आणि लय बारीक हाय, कुणीबी कोरंल, असा शेरा दिला.

सोनालीनं आतून सांगितलं की पांढऱ्यावर क्लिक कर, 'नवीन' म्हण. मी म्हटलं. एक छोटी चौकट उघडली. त्यात एकच रिकामा डबा, आणि डब्याच्या शेजारी एकच शब्द: 'आकार'.

"आकार विचारतंय," मी ओरडलो.

"हां, मग आकार टाक. तिथं टाकायचं," सोनाली म्हणाली, "चा..."

आणि खिडकी बंद झाली. मावशींनी सांगितलं की पोरीच्या अंगात देवी हायेत, गोळी घेतलीय, आता तासभर एक अक्षर बोलू द्यायची नाही. काय टाकायचं ते तुमी टाका.

मी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे बघत होते, मनगटावर घड्याळ असूनही वेळ विचारणाऱ्याकडे बघावं तसं.

"आकार व्हय? तो सातबाऱ्यावर असतो की."

आता, ज्यांनी सातबारा फक्त ऐकलाय त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीच्या त्या उताऱ्यावर जमीन किती आहे ते 'क्षेत्र' या रकान्यात असतं. आणि 'आकार' या रकान्यात असतो सरकारनं त्या जमिनीवर बसवलेला सारा, रुपये-पैशांत. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात आकार या शब्दाचा दुसरा अर्थ नाही. मी जर नववीत गेलो असतो तर मला कदाचित शंका आली असती. पण आबा एवढ्या खात्रीनं उठले, आतून ट्रंक ओढून आणली, युरियाच्या पिशवीत गुंडाळलेले उतारे बाहेर काढले आणि खाचराच्या उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "चार रुपये सदतीस पैशे." मला वाटलं, बरोबर आहे. पानं त्याच खाचरातली आहेत!

मी डब्यात टिचकी मारली आणि चारचं बटण दाबलं. बटणावर इंग्रजी चार छापलेला होता. पण डब्यात उमटला तो आपला. मराठी चार! पाटीवर गिरवलेला, पोटात गाठ असलेला. मी बोट उचलून बटणाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. आत कुठेतरी कुणीतरी बसलाय आणि माझ्यासाठी भाषांतर करतोय, या कल्पनेनं मला भरून आलं. ४.३७ लिहिलं आणि 'ठीक आहे' दाबलं.

सगळं नाहीसं झालं.

निळं गेलं, पांढरं गेलं, बांधही गेला. रिकाम्या पडद्यावर फक्त एक ओळ: 'कार्यक्रम अनपेक्षितपणे बंद पडला. क्षमस्व.'

दोन गोष्टी एकदम झाल्या. माझ्या पोटातून चार हजार पानं गळून पडली. आणि त्याच वेळी मला असंही वाटलं की एवढं मोठं यंत्र माझ्यासारख्याला क्षमस्व म्हणतंय. माझ्या आयुष्यात मला कुणी क्षमस्व म्हणालेलं नाही. मुकादमानं एकदा माझ्या पायावर तंबूचा खांब टाकला तेव्हा तोसुद्धा 'बघून उभा राहा' एवढंच म्हणाला होता.

आबा मात्र शांत होते. त्यांचं म्हणणं, तलाठ्यानं नवीन उताऱ्यात आकडा चुकवला असणार, जुना हाती लिहिलेला उतारा घेऊ. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. स्वागत आहे, मराठी, निळं-पांढरं. (निळं परत आलेलं बघून मला रडू फुटायचं राहिलं. पण ते खरं निळं आहे की नुसतं रंगवलेलं, हे मला कुठे कळत होतं?) जुन्या उताऱ्यावरचा आकार टाकला. क्षमस्व. आबांनी घराच्या जागेचा उतारा काढला. क्षमस्व. डोंगराकडच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा काढला. त्याचा आकार नुसता बारा पैसे. क्षमस्व.

आबांनी मान हलवली. "कुणीतरी हरकत घेतलीया."

हरकत घेणारे पाच मिनिटांत आलेच. झालं असं की दूध घालायला आलेल्या बाईनं ओसरीवर ट्रंक उघडी बघितली, उतारे पसरलेले बघितले आणि आबांच्या तोंडून 'वाटणी' हा शब्द ऐकला. ती दूध घेऊन वरच्या आळीला गेली. तिथं आबांचे धाकटे भाऊ तात्या राहतात. तात्या पायात चप्पल न घालता आले, हातात स्वतःचे उतारे घेऊन.

"आबा, मला न इचारता वाटणी?" ते म्हणाले. "आन् ह्या किनवटवाल्याला मधी घालून?"

लॅपटॉप मोडला तो मोडलाच, आता घरही मोडतोय! आबांनी तात्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पडदा दाखवला. हे पोरीच्या यंत्राचं विभाजन हाय, तुझं-माझं न्हाई. तात्यांनी निळं पाहिलं, पांढरं पाहिलं आणि विचारलं की यात आपल्याकडचं काय आहे. आबा म्हणाले, भाताची पानं. तात्या म्हणाले, पानं कुठल्या खाचरातली? इथं मला खरं बोलावं लागलं. शेवटची शे-दोनशे पानं मी बांधाच्या पलीकडून, तात्यांच्या खाचरातून घेतली होती. तिकडं करपा रोग जास्त पडला होता.

"बघा!" तात्या म्हणाले. "माझ्या हिश्श्याला न धरता वाटणी करताय. यंत्र बंद पडंल न्हाईतर काय व्हईल?"

दोघा भावांचा आकार मिळवून टाकायचं ठरलं. बेरीज तात्यांनी केली, आबांनी तपासली, मी टाकली.

क्षमस्व.

या गलक्यानं खिडकी उघडली. मावशी काही बोलायच्या आत सोनालीचा झोपेतला आवाज आला. "दिगूदादा, पुढं गेलं का?"

मी म्हटलं, एकदा बंद पडलं.

"एकदा?"

"एकदा. मग अजून चार वेळा."

तिनं शांतपणे विचारलं की आकार काय टाकला. मी सांगितलं. चार पूर्णांक सदतीस. कुठून आणलं, तेही सांगितलं. सातबारा, युरियाची पिशवी, तात्यांची बेरीज, सगळं. ती हसायला लागली. फोड दुखतात म्हणून विव्हळायची आणि परत हसायची. आकार म्हणजे जागा केवढी हवी ते, दिगूदादा. चार पूर्णांक सदतीसमध्ये तुझा एक फोटोसुद्धा जेमतेम बसेल. तिला चाळीस हजार सांगायचं होतं, मावशींनी 'चा' वर खिडकी लावली होती.

मी विचारलं, पानं गेली का? ती म्हणाली, शेवटचं 'बदल लागू करा' दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. ते दाबलंस का? मी म्हटलं, तिथपर्यंत यंत्रानं मला पोचूच दिलं नाही. "मग पानं आहेत," ती म्हणाली. तात्यांनी माझ्याआधी सुस्कारा सोडला.

मी पुन्हा सुरू केलं. या वेळी अगदी सोनालीच्या हुकमानं. आकार: चाळीस हजार. ४०००० लिहिलं, डोळे मिटले, दाबलं.

क्षमस्व.

आता मात्र माझी खात्री झाली की आपण किनवटची गाडी पकडावी. पण आतून आवाज आला, आणि तो आवाज बदललेला होता. एखाद्या शिकाऱ्याला पाऊल दिसावं तसा.

"थांब. म्हणजे चूक तुझी नाही. त्याची आहे."

हे वाक्य मी मनात पुन्हा म्हणून पाहिलं. माझ्या उपस्थितीत काहीतरी मोडलंय आणि चूक माझी नाही, असं घडू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं.

ती म्हणाली, बंद पडताना यंत्र मरणापूर्वीचा जबाब लिहून ठेवतं. तो उघडायला तिनं मला कुठे-कुठे टिचक्या मारायला लावल्या, मिटल्या डोळ्यांनी. 'उजवीकडे वर तीन आडव्या रेघा असतील', 'आता तिसरं', 'आता खाली काळी खिडकी आली असेल'. आली होती! मी या पडद्याकडे डोळे फाडून बघतोय आणि मला काही दिसत नाही, आणि ही पोरगी भिंतीपलीकडे डोळे मिटून सगळं बघतेय. मला आपोआप हात जोडावेसे वाटले, पण एका हातात लॅपटॉप होता.

जबाब सगळा इंग्रजीत. आता वाच, ती म्हणाली, अक्षर-अक्षर. मी गाडीचा नंबर वाचतात तसा सुरू झालो. "ई... आर... आर... ओ... आर..." दोन अक्षरांच्या मध्ये मी थांबायचो, एम की डब्ल्यू म्हणून मान वाकडी करायचो. आबा आणि तात्या दोन बाजूंनी कान देऊन बसलेले. रस्त्यानं जाणाराही एकजण थांबला, त्याला वाटलं सोडत चाललीय. अशा पाच ओळी मी पंचवीस मिनिटांत वाचल्या. सहावी ओळ: "व्ही... ए... एल... यू... ई... चाळीस हजार... आय... एन..."

"थांब," सोनाली म्हणाली. "मागं जा. एक-एक अक्षराला तू अडखळतोयस. आणि चाळीस हजार एका दमात कसं काय वाचलंस?"

"ते मराठीत आहे ना," मी म्हटलं.

खिडकीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सोनाली उठून बसली होती. मावशी ओरडत होत्या.

"मराठीत? आपले आकडे? पाटीवरचे?"

व्हय, आबांनीच परस्पर उत्तर दिलं, चांगला सुबक चार काढलाय.

मग तिनं जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. यंत्रात दोन माणसं आहेत असं समज. एक गेटवर, तुझ्यासारखा. त्यानं तुझा ४०००० पाहिला, त्याला सगळ्या भाषांतले आकडे ओळखता येतात. तो म्हणाला, हा आकडाच आहे, जाऊ दे आत. आत दुसरा बसलाय, हिशेब करणारा. त्याला फक्त इंग्रजी आकडे येतात. त्याला तुझा चार वाचताच आला नाही. पण तसं सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं गुपचूप शून्य लिहिलं. आणि मग त्या शून्यानं भागायला गेला.

"शून्यानं भागत नसतात," मी म्हटलं. गणितातली माझ्याजवळ उरलेली ती एकच गोष्ट.

"तेच. म्हणून मेला."

मला त्या आतल्या माणसाबद्दल इतकं वाईट वाटलं! वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटून गुपचूप काहीतरी लिहून देणं, हे मी किनवटला आणि कॅम्पवरही केलेलं आहे. जगातल्या एवढ्या हुशार माणसांनी बनवलेल्या यंत्राच्या पोटात नेमका मी बसलेला असेन, असं वाटलं नव्हतं.

सोनालीनं कोपऱ्यात कुठे टिचकी मारून कळफलक इंग्रजी करायचा ते सांगितलं. मी बटणं दाबली तीच, पण या वेळी डब्यात आकडे आले नंबरपाटीवरचे. तात्यांनी डोळे मिटले. मी 'ठीक आहे' दाबलं.

पट्टीवर हिरवा तुकडा उगवला. निळा जिथल्या तिथे, मध्ये बांध, आणि पलीकडे हिरवागार, भाताची आवणी झालेल्या खाचरासारखा.

"झाली वाटणी," आबा म्हणाले. "कुणाची हरकत?" तात्यांनी नाही म्हटलं.

अर्ध्या तासात नवी सिस्टिम उठली. निळ्या भागात माझी चार हजार पानं, एकही न गळता. मावशींनी लॅपटॉपवर कडुलिंबाची काडी ठेवली आणि मीठ-मोहरी घेऊन आधी नातीची, मग लॅपटॉपची दृष्ट काढली. उरलेल्या मोहरीत माझीही काढली. मी विचारलं, माझी कशाला? त्या म्हणाल्या, "तू बी घरातलाच हायेस न्हवं?" मी पटकन उठून लॅपटॉपचा पंखा फिरतोय का ते बघितलं.

सोमवारी सोनालीचे डोळे अर्धे उघडले. तेवढे पुरले. खिडकीच्या आत ती, बाहेर स्टुलावर लॅपटॉप, आणि पडद्यावर परीक्षक. प्रोग्रामनं पानामागून पान ओळखलं. करपा, कडा करपा, निरोगी. मग परीक्षकांनी स्वतःच्या मनानं एक फोटो निवडला. प्रोग्राम थोडा थांबला आणि म्हणाला: 'करपा, तीव्र स्वरूपाचा.' परीक्षकांनी चष्मा वर केला. हे कुठल्या जातीचं पान आहे?

"सर, तो आमच्या दिगूदादाचा पायाचा अंगठा आहे," सोनाली म्हणाली. "चिखलात फोटो काढताना आलाय."

परीक्षक हसले. पहिला वर्ग मिळाला. माझ्या अंगठ्याला अजून कुणी औषध दिलेलं नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बरी झाल्यावर सोनालीनं, ही सिस्टिम जे लोक फुकट बनवतात त्यांना सगळा जबाब लिहून पाठवला. मराठी घेतली, मराठी आकडा टाकला, मेला. पलीकडून कुठल्यातरी देशातल्या माणसाचं उत्तर आलं. आभार मानले होते, आणि लिहिलं होतं की मराठी तिथं बरीच वर्षं आहे, पण हे आजवर कुणी कळवलं नव्हतं. दुरुस्तीच्या नोंदीत चूक शोधणाऱ्याचं नाव घालतात, ते काय घालू? सोनालीनं माझं घातलं. ते इंग्रजीत आहे. मी अक्षर-अक्षर वाचून खात्री केली आणि कॅम्पच्या वहीत गाडी नंबरच्या रकान्यात उतरवून ठेवलं.

नवी आवृत्ती आली तेव्हा सोनालीनं पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. आपण बसवायचं नाही, नुसतं तपासायचं. तीच ओसरी, तीच मांडी, तेच आबा. स्वागत आहे. मराठी. आकार. आबांनी खिशातून उतारा काढला होता, त्यांचा अजूनही विश्वास होता. मी टाकलं, ४.३७. ठीक आहे.

मेला नाही. क्षणभर विचार करून त्यानं मराठीत सांगितलं: 'दिलेला आकार फार लहान आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

आबांनी समाधानानं उताऱ्याची घडी घातली. सारा कमी हाय म्हणतंय, चांगलंच हाय की.

मी मात्र बराच वेळ ती ओळ बघत बसलो. आठवीत गणिताचे मास्तर माझ्या डोक्याबद्दल हेच म्हणाले होते. फक्त त्यांनी दुसरं वाक्य गाळलं होतं. ते एवढं नम्रपणे, 'कृपया' लावून म्हणाले असते, तर मी नववीत गेलो असतो, आकार म्हणजे काय ते मला कळलं असतं, आणि मग ही चूक जगात कुणालाच सापडली नसती!